डॉकला गाडी लावताना: फाळका, टायर, मागचे लाइट आणि गाडीचा तळ कसा वाचवायचा

माझ्याकडे तेव्हा एकच गाडी होती, १९ फुटी आयशर. भिवंडीजवळच्या एका जुन्या गाळ्यावर साबणाचे बॉक्स उतरवायचे होते. गाडी इतकी अलगद लावली होती की डॉकला, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या उंच ओट्याला, टेकलीसुद्धा नव्हती. हमालांच्या टोळीने तीन तासांत माल उतरवला. निघताना बघतो तर मागचा डावा लाइट फुटलेला आणि त्याची लोखंडी पट्टी वाकलेली. मी गाळ्यावर सगळ्यांशी भांडलो. खरं तर कोणीच काही केलं नव्हतं. शेवटी तिथल्या वयस्कर मुकादमकाकांनी मला हाताला धरून खाली बसवलं आणि दाखवलं. डॉकच्या कडेला बसवलेली लोखंडी अँगल दोन इंच पुढे आली होती. भरलेली गाडी लावली तेव्हा लाइट त्या अँगलच्या खाली होता. माल उतरत गेला तसे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मोकळे झाले, गाडी चार इंच वर उचलली गेली आणि लाइट त्या अँगलखाली चेपला.

त्या दिवशी कळलं ते हे: डॉकला लावलेली गाडी उभी आहे असं आपल्याला वाटतं, पण ती हलत असते. माल चढला की बसते, उतरला की उठते, फोर्कलिफ्ट आत शिरली की इंच इंच पुढे सरकते. धडकेची भीती सगळ्यांना असते, म्हणून धडक होत नाही. नुकसान होतं ते या न दिसणाऱ्या हालचालीत. नवीन ड्रायव्हर, नुकतीच पहिली गाडी घेतलेले मालक आणि क्लीनरचे ड्रायव्हर होऊ घातलेले पोरगे यांच्यासाठी मी हे क्रमाने लिहितो आहे.

घरून निघण्याआधी: टेप घ्या आणि गाडी मोजा

बहुतेकांना आपल्या गाडीची लांबी पाठ असते, कारण भाडं त्यावर ठरतं. डॉकला कामाला येणारी मापं वेगळी आहेत. सपाट जागेवर गाडी उभी करून ही मापं घ्या: जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची, म्हणजे माल ठेवतो त्या फरशीपर्यंतची, मागची उंची, आधी रिकामी आणि मग पूर्ण भरलेली असताना, मागच्या लाइटची आणि मागच्या आडव्या पाइपची उंची, तीही दोन्ही वेळची, मागच्या टायरपासून शेवटच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि सगळ्यात उंच जागेची उंची, म्हणजे कंटेनरचं छप्पर किंवा हौद्यावरची कमान. ताडपत्रीचा गठ्ठा टपावर ठेवायची सवय असेल तर तोही धरून मोजा.

माझ्या आयशरचा तळ रिकामा असताना ४१ इंचांवर होता आणि भरल्यावर ३७ वर. हा चार इंचांचा फरक डोक्यात बसला की निम्मं काम झालं. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल. पाट्यांची संख्या, टायरची झीज, बॉडी कोणी बांधली, सगळ्याने तो बदलतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा उसना घेऊ नका. सगळी मापं कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि काचेवरच्या सावलीपट्टीच्या आतल्या बाजूला चिकटवा.

गेटवर विचारायचे प्रश्न

भिवंडी परिसरात दोन काळांतले डॉक शेजारी शेजारी आहेत. मुंबईत जकात होती तेव्हा व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर माल ठेवायला दापोडे, वळ, राहनाळ, पूर्णा या भागांत गाळे बांधले. त्यांची जोती कुठे तीन फूट, कुठे साडेतीन, आणि कुठे डॉकच नाही, गाडी सरळ दारात लावायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, आणि पडघा-वडपेच्या बाजूला मोठमोठी गोदामं उभी राहिली. तिथे डॉक साधारण चार फुटी असतो, पुढे रबरी बंपर, आणि वरखाली होणारी हायड्रोलिक पट्टी, जिला सगळे डॉक लेव्हलर म्हणतात. सकाळी एका प्रकारच्या डॉकवर आणि दुपारी दुसऱ्या प्रकारच्या, असं एकाच दिवसात होतं. चाकण, तळेगाव, रांजणगावलाही हेच.

म्हणून आत शिरण्याआधी गेटवरच्या माणसाला किंवा गोदामाच्या सुपरवायझरला चार गोष्टी विचारा. डॉक किती उंच? डॉक आणि गाडीच्या मध्ये लेव्हलर आहे की सुटी लोखंडी प्लेट? वर शेड आहे का, आणि ती किती उंच? माल हातगाडीने निघणार, हँड पॅलेटने (माल रचलेला चौथरा, म्हणजे पॅलेट, उचलून हाताने ओढायची गाडी) की फोर्कलिफ्टने? हे विचारलं म्हणून कोणी हसत नाही. उलट ड्रायव्हर जाणता आहे हे समोरच्याला कळतं आणि तोही जपून वागतो.

डॉक आणि गाडीचा तळ यांत एक फुटापेक्षा जास्त फरक असेल तर तिथेच बोला. बरेचसे लेव्हलर डॉकपासून साधारण एक फूट वर आणि एक फूट खाली जातात. त्यापलीकडे ओढाताण सुरू होते. पिकअप किंवा छोटा हत्ती चार फुटी डॉकला लावून वरून पोती फेकायला लावणारे लोक आहेत. तसं करू देऊ नका. छोट्या गाड्यांसाठी बाजूचा रॅम्प किंवा जमिनीवरचं दार मागा. एक तास जास्त गेला तरी चालेल.

उतरा, चालत जा, बघा

डॉक नंबर मिळाला की गाडी बाजूला थांबवा आणि पायी जाऊन जागा बघा. आरशातून जे दिसत नाही ते इथे दिसतं. मी या क्रमाने बघतो: आधी खाली, मग मध्ये, मग वर.

खाली: गटाराची जाळी तुटलेली आहे का, प्लॅस्टिकची पट्टी, खिळे, मोडक्या पॅलेटची फळी पडली आहे का, पाणी साचलंय का. पाणी असेल तर काठीने खोली बघा, कारण त्याच्याखाली खड्डा असला तर एका बाजूचं चाक बसतं आणि बॉडीचा वरचा कोपरा तिरका होऊन खांबाला लागतो.

मध्ये: रबरी बंपर आहेत का? एका बाजूचा निघून गेला असेल तर गाडी तिरकी टेकणार. रबराऐवजी जुने टायर लटकवले असतील तर ते किती दबतात ते पायाने दाबून बघा. कडेची अँगल पुढे आली आहे का, बंपर निघालेल्या जागी बोल्टची डोकी तशीच राहिली आहेत का? माझा लाइट अशाच जागी गेला. आपल्या लाइटची रिकामी आणि भरलेली उंची आठवा आणि त्या दोन उंचींच्या मध्ये डॉकला काही टोकदार आहे का ते हात फिरवून पहा. असेल तर दुसरा डॉक मागा. नाहीच मिळाला, तर त्या जागेवर जुन्या टायरचा तुकडा बांधून द्यायला सांगा आणि गाडी चार बोटं लांब ठेवा.

वर: शेड, पाइप, वायर, सीसीटीव्हीचा कॅमेरा, शटरचा डबा. इथे एक हिशोब समजून घ्या, कारण तो मोठ्या कंटेनरवाल्यांना फार महागात पडतो.

कित्येक डॉकसमोरची जमीन डॉककडे उतरती असते. गाडी मागे घेतली की ती मागे झुकते आणि तिचा वरचा भाग खालच्या भागाच्या आधी भिंतीशी पोहोचतो. उतार १ ला २० असेल, म्हणजे २० फुटांत १ फूट, तर ८ फूट उंच बॉडीचं वरचं टोक जवळपास ५ इंच मागे जातं. डॉकचं रबर ४ इंचच पुढे आलेलं असेल आणि भिंत तिथूनच सरळ वर गेली असेल, तर खाली रबराला टेकायच्या आधी वरची कड भिंतीत घुसते. ड्रायव्हर खालच्या धक्क्याची वाट बघत ॲक्सिलरेटर देत राहतो आणि वर पत्रा चेपत जातो. छपराची कड एकदा उघडली की पहिल्या पावसात आतला माल भिजतो, आणि मग भरपाई गाडीची नाही, मालाची द्यावी लागते.

यावर साधा उपाय आहे, गवंड्याचा ओळंबा. दोरीला एक जड नट बांधा. गाडी त्या उतारावर, डॉकपासून थोडी लांब उभी करा आणि बॉडीच्या वरच्या मागच्या कडेपासून दोरी सोडा. नट खालच्या बंपरपासून जितका मागे लोंबतो तितकं वरचं टोक भिंतीच्या जवळ असणार. ते माप डॉकच्या रबराच्या जाडीपेक्षा जास्त असेल तर पूर्ण टेकवायचं नाही, मध्ये अंतर ठेवायचं.

दरवाजे आणि फाळका, मागे घेण्याआधी

कंटेनरचे दरवाजे डॉकपासून दहा-बारा फूट लांब असतानाच उघडा. डॉकला लावल्यावर उघडायला जागा नसते आणि मग लोक अर्धवट पुढे-मागे करत बसतात. उघडताना आधी एक दार जरासं किलकिलं करा. प्रवासात माल दाराकडे कलंडलेला असतो आणि तो अंगावर येतो. दारं पूर्ण मागे वळवून बॉडीच्या बाजूला कडीत अडकवा. कडी सैल असेल तर दोरीने बांधा. जूनमधल्या वाऱ्यात सुटलेलं दार शेजारच्या गाडीच्या आरशाला लागतं, नाहीतर आपलीच बिजागरी उखडते.

उघड्या गाड्यांच्या फाळक्याबद्दल, म्हणजे मागे उघडणाऱ्या फळीबद्दल, मला कळकळीने सांगायचं आहे. फाळका डॉकवर आडवा टाकून त्यावरून हातगाड्या नेण्याची पद्धत सर्रास आहे. फाळका म्हणजे पूल नव्हे. तो मालाला आडोसा द्यायला बनवलेला असतो, त्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या एक टन वजन पेलायला नसतात. माल भरताना तर अधिकच वाईट: गाडी बसत जाते, फाळक्याचं टोक डॉकवर अडकलेलं राहतं, आणि सगळा पीळ बिजागरीत जातो. रात्री फाळका बंद होत नाही तेव्हा लोक हातोडीने ठोकतात, तिथून वेल्डिंगला तडा जायला सुरुवात होते. फाळका खाली लोंबता सोडायचा असेल तर तो डॉक आणि चेसिसच्या मध्ये चिरडणार नाही इतकं अंतर ठेवा. पिना काढून निघणारा असेल तर काढून आत उभा करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

मागे घेणं

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्यामुळे डॉक आपल्या उजव्या हाताला राहील अशा बाजूने आवारात या. मग डॉकच्या थोडं पुढे जाऊन तोंड डावीकडे काढा आणि उजव्या खिडकीतून बघत मागे घ्या. डॉक डाव्या हाताला असला तर संपूर्ण वळण आंधळ्या बाजूने होतं. आवारात जागा असेल तर फेरी मारून या, लाज वाटून घेऊ नका.

नवशिक्याची नजर फक्त मागे असते. मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की मागचं टोक उजवीकडे जातं आणि केबिनचं तोंड डावीकडे फेकलं जातं. शेजारी उभ्या गाडीचा आरसा किंवा दिवा जातो तो त्या क्षणी. दर दोन-तीन फुटांनी पुढचा डावा कोपरा एकदा बघायचाच.

मागे उभा राहून सांगणारा माणूस एकच असू द्या. वॉचमन, दुसऱ्या गाडीचा क्लीनर, टोळीतली दोन मुलं, सगळे एकदम "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायला लागले की थांबा आणि नम्रपणे सांगा, "दादा, तुम्ही एकटेच सांगा." त्याने उजव्या आरशात दिसेल अशा जागी उभं राहावं, गाडी आणि डॉकच्या मध्ये कधीच नाही. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे. आवाज गोंधळात ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडे बॉडीवरच्या थापेची खूण ठरलेली आहे, एसटीच्या घंटीसारखी: एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल.

शेवटचे तीन फूट क्लचवर. अलगद टेकली की ब्रेक दाबा, आणि मग गाडीला बोटभर पुढे येऊ द्या. रबरावर दाबून ठेवलेली गाडी वरखाली होताना रबराला आणि स्वतःला घासत राहते. बोटभर फट असली की ती मोकळी उठते-बसते.

गाडी जखडून टाका

हँडब्रेक ओढा. डॉककडे उतार असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, उलट्या बाजूला उतार असेल तर रिव्हर्समध्ये. इंजिन बंद. मग मागच्या चाकांच्या पुढच्या बाजूला, दोन्हीकडे, गुटके, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, ठोका.

पुढच्या बाजूला का, हे समजून घ्या. फोर्कलिफ्ट गाडीत शिरते आणि आत ब्रेक मारते तेव्हा ती गाडीच्या तळाला पुढे ढकलते. माल उचलून मागे निघते तेव्हा तिची चाकं तळाला पुन्हा पुढेच रेटतात. प्रत्येक फेरीला थोडं थोडं. चाळीस फेऱ्यांनंतर प्लेटचं टोक तळावर जेमतेम उरतं, आणि एकेचाळिसाव्या फेरीत प्लेट खाली जाते. फोर्कलिफ्टचं पुढचं चाक त्या फटीत गेलं तर तुमच्या गाडीची मागची कड वाकते, आणि चालवणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो. दगड चालतो, पण गोल दगड निसटतो. बाभळीच्या लाकडाचे तिरके कापलेले दोन गुटके सुताराकडून करून घ्या आणि दोरीने गाडीलाच बांधून ठेवा.

चावी काढून डॉकच्या सुपरवायझरकडे द्या किंवा तिथल्या खिळ्याला अडकवा. मोठ्या गोदामांत हा नियमच असतो, छोट्या ठिकाणी आपण होऊन करा. "माल उतरला" असं कोणीतरी चुकून ओरडलं म्हणून गाडी काढली आणि आत माणूस होता, असे प्रकार घडलेले आहेत.

प्लेट आणि लेव्हलर

लेव्हलर असेल तर त्याची पुढची जीभ तुमच्या तळावर किमान चार इंच टेकलेली हवी. ती गाडीबरोबर वरखाली झाली पाहिजे. चालवणाऱ्याने मध्येच बटण दाबून ती अडकवून ठेवली तर गाडी खाली बसल्यावर जीभ हवेत राहते, आणि पुढची हातगाडी आदळत उतरते. दर वीस मिनिटांनी एकदा जाऊन बघा. ड्रायव्हरने माल उतरेपर्यंत झोपायची पद्धत मला पटत नाही. शरीर थकलेलं असतं हे मलाही माहीत आहे, पण गाडी त्याच तासांत मार खाते. झोपायचंच असेल तर क्लीनरला जागं ठेवा.

सुटी लोखंडी प्लेट हा जुन्या गाळ्यांचा प्रकार. तिच्या खालच्या बाजूला आडवी पट्टी वेल्ड केलेली आहे का ते उलटून बघा. ती पट्टी फटीत अडकून प्लेट सरकू देत नाही. पट्टी नसेल तर प्लेट दोरीने डॉकच्या कडीला बांधायला सांगा. मोकळी प्लेट सुटली की नेमकी मागच्या लाइटवर किंवा टायरच्या बाजूवर पडते. टायरचा चालता भाग जाड असतो, बाजूची भिंत पातळ. तिला आरपार चीर पडली तर पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर गेला. प्लेट ठिपक्यांची हवी, गुळगुळीत नको.

उताराचाही विचार करा. डॉक तळापेक्षा एक फूट उंच आणि प्लेट साडेसहा फुटांची, तर दर शंभराला पंधराचा उतार होतो. एक टनाचं पॅलेट घेऊन हँड पॅलेट त्या उतारावरून एकटा माणूस धरू शकत नाही. ते सुटतं आणि सरळ केबिनमागच्या भिंतीवर जाऊन आदळतं. त्या भिंतीशी दोन जुने टायर उभे बांधून ठेवा. माझ्या तिन्ही गाड्यांत ते कायम असतात.

फोर्कलिफ्ट आत घ्यायची की नाही

इथे "नाही" म्हणायला शिका. तीन टन उचलणाऱ्या डिझेल फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन चार टनांच्या वर असतं. त्यावर एक टनाचं पॅलेट घेतलं की एकूण पाच टनांच्या पुढे जातं, आणि पॅलेट पुढे लोंबत असल्याने त्यातला निम्म्याहून बराच जास्त भार पुढच्या दोन चाकांच्या दोन टिचभर जागांवर येतो. जहाजावर जाणाऱ्या कंटेनरचा तळ आयएसओ मानकाप्रमाणे ७,२६० किलोच्या एका ॲक्सलखाली तपासलेला असतो. न्हावाशेवा बंदराच्या ट्रेलरवर तो कंटेनर बघून लोकांना वाटतं की सगळ्याच बंद गाड्या तशाच. आपल्या रस्त्यावरच्या ३२ फुटी गाड्यांची बॉडी स्थानिक कारखान्यात बांधलेली असते, तळाखालचे आडवे लोखंडी चॅनेल किती अंतरावर आहेत ते बांधणाऱ्यावर असतं, आणि तळ प्लायचा किंवा पातळ पत्र्याचा असतो.

बॉडी बांधताना मिस्त्रीला हे स्पष्ट विचारून घ्या आणि उत्तर लिहून ठेवा. तळ फोर्कलिफ्टसाठी बनवलेला नसेल तर फोर्कलिफ्टने फक्त कडेवर पॅलेट ठेवायचं, आत हँड पॅलेटने न्यायचं. हँड पॅलेटचे रोलरही लहान असतात, कुजलेल्या प्लायमध्ये रुततात. म्हणून महिन्यातून एकदा गाडीखाली शिरून टॉर्चने तळ बघा. काळे, ओलसर डाग दिसले की तिथे वरून पहारीने टोचा. आत गेली तर तेवढा तुकडा बदला, पुढच्या ट्रिपची वाट बघू नका.

बाजूच्या भिंतीही मार खातात. आपल्याकडे १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट सगळ्यात जास्त चालतं. आतली रुंदी साडेसात फूट धरली तर एक आडवं, एक उभं लावल्यावर दोन्ही बाजू मिळून जेमतेम तीन-साडेतीन इंच उरतात. दोन्ही अरुंद बाजूने लावली तर जवळपास फूटभर मोकळं राहतं. भरणाऱ्याला कसं लावायचं ते आधीच सांगा, अर्धी गाडी भरल्यावर नाही.

टोळीशी नातं

महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांच्या कामाला मंडळं, नोंदणी आणि हक्क मिळाले. अनेक ठिकाणी माल उतरवणारी टोळी मंडळाकडे नोंदलेली असते आणि मुकादमामार्फत काम करते. त्यांना हुकूम देणारे तुम्ही कोणी नाही. पण तुमची गाडी त्यांच्या हातात आहे. काम सुरू व्हायच्या आधी मुकादमांना भेटा, हमाली-वराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोणी द्यायची ते साफ करून घ्या, आणि गाडीचा नाजूक भाग दाखवा: "काका, इकडचा प्लाय जरा नरम आहे, ड्रम या बाजूने नको." मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. पैशावरून शेवटी वाद घालणाऱ्याची गाडी मात्र पुढच्या खेपेला सांभाळली जात नाही, आणि त्यात चूक त्यांची नसते.

तेलाचे मोठे ड्रम सगळ्यात घातक. भरलेला ड्रम दोनशे किलोच्या आसपास असतो. तो उतरवताना खाली जुना टायर ठेवून त्यावर सोडतात, तो टायर डॉकवर आहे का ते आधी बघा. नाहीतर ड्रम तळाच्या कडेवरून घसरत जातो आणि कड दुमडते. पोती असतील तर हमालांचे हुक ताडपत्रीला लागतात. ताडपत्री पूर्ण काढून, घडी करून केबिनमध्ये ठेवा.

पावसाळ्यात

उतरत्या डॉकसमोर पाणी साचतं आणि ब्रेक ओले होतात. मागे घेण्याआधी हलका ब्रेक धरून थोडं चालवा, म्हणजे ते सुकतात. प्लेटवर पोतं टाका, माणूसही घसरत नाही. दाराचं रबर फाटलेलं असेल तर मे महिन्यातच बदला.

निघताना

चावी परत घेताना आतून एक चक्कर मारा: माणूस नाही, पॅलेट नाही, प्लेट उचललेली आहे, लेव्हलरची जीभ मागे गेली आहे. मग गुटके काढा. आठ-दहा फूट सरळ पुढे या, स्टिअरिंग न वळवता. डॉकशेजारी असतानाच वळवलं तर मागचं टोक उलट्या बाजूला फिरतं आणि शेजारच्या गाडीला घासतं. पुढे येऊन थांबा, दारं-फाळका बंद करा आणि गाडीभोवती एक फेरी मारा: लाइट, नंबरप्लेट, आडवा पाइप, मडगार्ड, टायरच्या आतल्या बाजू, छपराची कड. ही फेरी गेटच्या आत मारायची. बाहेर पडल्यावर कोणी ऐकत नाही.

काही झालेलं दिसलं तर आवाज चढवू नका. मोबाइलवर आधी लांबून फोटो घ्या, ज्यात डॉकचा नंबर आणि गाडीचा नंबर दोन्ही दिसतील, मग जवळून. सुपरवायझरला दाखवा आणि मालाच्या पोचपावतीवर किंवा गेटपासवर दोन ओळी लिहून सही घ्या. ट्रान्सपोर्टरला लगेच फोटो पाठवा. विम्याकडे जाण्याआधी हिशोब करा. क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती वर्षागणिक वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि एका क्लेमने सगळी जाते. लाइट आणि पट्टीसाठी क्लेम करणं बहुतेक वेळा तोट्याचं ठरतं. छपराची कड किंवा तळाचे चॅनेल गेले असतील तर वेगळी गोष्ट.

केबिनमध्ये मी एक दोनशे पानी वही ठेवतो. प्रत्येक नव्या डॉकचं एक पान: उंची किती, उतार कुठल्या बाजूला, कुठला कोपरा धोक्याचा, मुकादमांचं नाव काय, त्यांना चहा बिनसाखरेचा लागतो का. नवीन पोरगा गाडीवर आला की आधी वही वाचायला देतो, मग चावी.